नळीचं कुळशील

आमच्या घरात रोज चालणारी सायकल एकच आहे आणि ती बायकोची आहे. सुपरमार्केटच्या सेलमध्ये घेतलेली, अ‍ॅल्युमिनियमची, ना कूळ ना मूळ. ती पावसात भिजते, स्टेशनाबाहेर दिवसभर उभी राहते, तिच्या चेनला तेल मिळतं ते दसऱ्याला, पूजेच्या निमित्तानं. तरी बायकोला रोज सकाळची गाडी ती बिनचूक पकडून देते. माझ्या सायकली गॅरेजात छताला टांगलेल्या आहेत. त्यांना दमट हवा बाधू नये म्हणून आमची मोटार बाहेर पावसात उभी असते. माझ्या सायकली बंद आहेत असं आम्ही म्हणत नाही. त्यांचं काम चालू आहे असं म्हणतो. बायको यातल्या ‘आम्ही’त येत नाही.

दोष माझा नाही, गावाचा आहे. मी नोकरीसाठी बर्मिंगहॅमला आलो, आणि या गावात खिळे करणारं रेनल्ड्स नावाचं एक घराणं होतं. खिळ्यांवर त्यांचं सुखात चाललं असतं, पण त्यांच्यातल्या आल्फ्रेड रेनल्ड्सना सायकलच्या नळीची चिंता लागली. नळी जाड घ्यावी तर सायकल जड होते. पातळ घ्यावी तर सांध्यापाशी, जिथे पितळ वितळवून डाग देतात, तिथे ती तापून कच्ची पडते. १८९७ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर यावर तोडगा काढून पेटंट घेतलं. नळी दोन्ही टोकांना जाड, मधे पातळ, आणि बाहेरून पाहावं तर अथपासून इतिपर्यंत एकसारखी. त्यासाठी नळीत एक घडीव सळई घालून नळी साच्यातून ओढायची. आता दोन्ही टोकं जाड झाली म्हटल्यावर सळई आत अडकणारच. मग नळी रुळांमध्ये फिरवून किंचित फुगवायची आणि सळई अलगद ओढून काढायची. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. बायकोला सांगायला सुरुवात केली, तिला लगेच लागली.

याच कारखान्यानं १९३५ साली मँगेनीज आणि मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची नळी काढली. तिचा नंबर ५३१. नंतर कित्येक वर्षं शर्यतीची चांगली सायकल म्हटली की ती या नळीची. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या अनेकांच्या मांड्यांखाली हीच नळी होती. टोकाला जाडी साधारण ०.८ मिलिमीटर, मधे ०.५. फरक ०.३ मिलिमीटरचा, तोही आतल्या बाजूनं. म्हणजे या नळीचा मोठेपणा डोळ्यांनी पाहायचा तर सायकल करवतीनं कापावी लागते. मिलानचे कोलंबसवाले आणखी पुढचे. त्यांच्या एसएलएक्स नळ्यांना सांध्याजवळ आतून पिळदार कंगोरे असतात. नक्षी करायची, आणि ती आतून!

हे सगळं मी मुलीला समजावून सांगितलं. ती अकरा वर्षांची आहे आणि आईवर गेली आहे.

“पण बाबा, ती आतून पातळ आहे हे तुला कसं कळलं?”

“स्टिकरवर लिहिलंय.”

“आणि स्टिकर?”

“ते बाहेरून असतं.”

ती अभ्यासाला निघून गेली. एरवी तिला पाठवावं लागतं.

इकडे गावोगावच्या हॉलांमध्ये जुन्या सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरतो. बाजार दहाला उघडतो म्हणून मंडळी आठला येतात. सगळे पुरुष, सगळे पेन्शनीत गेलेले, सगळ्यांच्या डोक्यावर शर्यतवाल्यांची छोटी टोपी. आणि सगळे मोटारीनं आलेले, कारण त्यांच्याही सायकलींचं काम चालू असतं. माझं वय या मंडळींत अगदीच कोवळं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी हॉलचा हीटर दुरुस्त करायला आलोय.

इथे नळीची परीक्षा नखानं होते. टोपी मागे सारायची, डोळे मिटायचे, नळीच्या मधोमध टिचकी मारायची आणि कान लावायचा. ‘टिंग’ वाजली तर उत्तम, ‘ठक’ वाजली तर गॅसपाइप. गॅसपाइप ही या मंडळींतली सगळ्यात हलकी शिवी. मीही एका नळीला टिचकी मारली. कळलं काहीच नाही, पण चेहरा कळल्याचा केला. शेजारच्या आजोबांनी माझा चेहरा पाहिला, तीच नळी वाजवली, हुबेहूब तोच चेहरा केला आणि म्हणाले, “हं.” मग आम्ही दोघं एकमेकांकडे आदरानं बघत राहिलो.

“फाइव्ह हंड्रेड अँड थर्टी वन?” मी विचारलं.

आसपासच्या चार टेबलांवरचं बोलणं थांबलं. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “फाइव्ह-थ्री-वन.” आकडे सुटे म्हणायचे असतात. पाचशे एकतीस म्हणणारा माणूस उपरा.

टेबलापलीकडच्या विक्रेत्यानं माझी कीव केली. म्हणाला, “दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानासाठी याच कारखान्यातून नळ्या जात. जग्वार ई-टाइपची पुढची चौकट याच फाइव्ह-थ्री-वनची.” मला ऑफिसात जायला विमान लागत नाही, तरी ऐकून छाती फुगली.

“किती?” मी विचारलं.

“ऐंशी पौंड.”

मी पुण्याचा. “साठ,” म्हटलं.

“स्पिटफायर,” तो म्हणाला. मी ऐंशी दिले.

घरी येताना मोटारीत हिशेब केला. फ्रेमला चाकं नव्हती, ब्रेक नव्हते, पेडल नव्हतं, सीट नव्हती, सीटची दांडी मात्र होती. ती का होती हे पुढे कळलं.

स्टिकर हा स्वतंत्र विषय आहे. फ्रेमवर ५३१चं स्टिकर दिसलं म्हणून हुरळून जायचं नसतं. ते बारकाईनं वाचावं लागतं. एका स्टिकरचा अर्थ होतो की सगळ्या नळ्या, पुढचा चिमटा आणि मागच्या चाकाला धरणाऱ्या काटक्यासुद्धा ५३१च्या आहेत. दुसऱ्याचा अर्थ होतो की फक्त मधल्या तीन मोठ्या नळ्या ५३१च्या, बाकीचा गोतावळा कुठला ते विचारू नये. आणि शेजारच्याच टेबलावर ही दोन्ही स्टिकरं नवीकोरी, थोडक्या पैशांत मिळतात. गॅसपाइपला एका दुपारी खानदानी करता येतं. त्यामुळे जुने खेळाडू स्टिकरकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते सीटच्या दांडीचा व्यास मोजतात. नळी आतून पातळ असेल तर दांडी जाड लागते. इंग्रजी ५३१ला साधारण २७.२ मिलिमीटर. दांडी दोन-तीन दशांश बारीक निघाली की घराण्याबद्दल शंका. म्हणून इथे प्रत्येकाच्या खिशात पेन नसलं तरी व्हर्नियर कॅलिपर असतो. या मंडळींपैकी एकानं माझ्याशी हस्तांदोलन करताना माझ्या अंगठीकडे असं काही पाहिलं की मी हात पटकन मागे घेतला.

माझी फ्रेम मोजली तर भरली २६.४. माझा चेहरा पडला. आजोबांनी धीर दिला, “घाबरू नका, फ्रेंच आहे.”

ती फ्रेंच होती आणि बायकांची होती. पुढून निघून थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत तिरक्या उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या. या घडणीला मिक्स्त म्हणतात. म्हणजे नळीचं माहेर बर्मिंगहॅम आणि सासर फ्रान्स. सासर मोजमापाचं कडक. इंग्रजी नळी बाहेरून एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर. फ्रेंचांना इंच हा शब्दही घरात नको होता, म्हणून रेनल्ड्सनी त्यांच्यासाठी वेगळ्या २८ मिलिमीटरच्या नळ्या ओढल्या. ०.६चा फरक. पण त्या ०.६पायी इंग्रजी गिअरची पट्टी फ्रेंच नळीवर गोल गोल फिरत बसते.

इथून पुढे जे सुरू होतं त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते म्हणोत, आपल्याकडे त्याला स्थळं बघणं म्हणतात. पेडलचा आस ज्या आडव्या, आखूड नळीतून जातो तिला बॉटम ब्रॅकेट म्हणतात, आणि पत्रिका बघायची ती तिची. इंग्रजी सायकलचा व्यास १.३७ इंच, आटे इंचाला चोवीस, आणि उजव्या बाजूचे आटे उलटे. इटालियन व्यास ३६ मिलिमीटर, पण आटे मात्र इंचाला चोवीस. मिलिमीटरही दुखवायचा नाही आणि इंचही. फ्रेंच ३५ मिलिमीटर, आट्याआट्यांत १ मिलिमीटर, दोन्हीकडे सुलटे. स्विस सगळं फ्रेंचांप्रमाणे, फक्त उजवी बाजू उलटी, कारण पूर्णपणे कुणाच्याच बाजूनं जायचं नाही हे त्या देशाचं धोरण आहे. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या जुन्या सायकलींचे आटे इंचाला सव्वीस, ते बाहेर कुणाशीच जुळत नाहीत. सोयरीक घरातल्या घरातच. माणसांच्या लग्नात छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी बँड ठरवतात. इथे पस्तीस जुळले आणि एक राहिला तर दोन आटे आत जाऊन आसाला धरणारा कप अडतो आणि मग पुढेही जात नाही, मागेही येत नाही.

चाकांचा पोरखेळ वेगळाच. २७ इंची चाकाच्या रिमचं माप, जिथे टायर बसतो तिथलं, ६३० मिलिमीटर. ७००सी म्हणून जे चाक मिळतं, ज्याच्या टायरवर कित्येकदा २८ इंच छापलेलं असतं, त्याचं ६२२. म्हणजे अठ्ठावीस हे सत्तावीसपेक्षा लहान. ‘सव्वीस इंची’ या एकाच नावाची निदान चार मापं आहेत आणि एकीचा टायर दुसरीला चढत नाही. मी एका दुकानदाराला याचं कारण विचारलं. तो म्हणाला, “इंच म्हणजे साधारण.” चारशे वर्षांत या लोकांनी अर्धं जग मोजून आपल्या नावावर करून घेतलं, ते याच इंचानं.

मला हवा होता फ्रेंच आट्यांचा एक कप. डावा नको, उजवा. किंमत चहा-बिस्किटाएवढी. असा कप कॉव्हेंट्रीच्या एका गृहस्थांकडे असल्याचं कळलं. गेलो. त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात तसे कप ढिगानं होते.

“एक विकत द्याल?”

“मी विकत नाही. बदली देतो.”

“काय हवं?”

“फ्रेंच पेडलची टोपी. डावी.”

डावी टोपी डर्बीला एकाकडे होती. त्याला बदल्यात हवं होतं स्टर्मी-आर्चरचं गिअरहब, तेही त्याच्या लग्नाच्या महिन्यातलं. या हबवर साल आणि महिना ठोकलेला असतो. बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला द्यायचं म्हणाला. मी भारावलो.

“वहिनींना आवडेल,” मी म्हटलं.

“तिला सांगणार नाहीये,” तो म्हणाला.

ते हब सापडलं लेस्टरच्या एका म्हाताऱ्याकडे. त्याला त्याबदल्यात काहीच नको होतं, फक्त कुणीतरी बसून त्याचं ऐकायला हवं होतं. तीच देवघेव सर्वांत महाग पडली. हब घेऊन डर्बी, टोपी घेऊन कॉव्हेंट्री, कप घेऊन घरी. पेट्रोलचा आकडा मी बायकोला सांगितला नाही. तो तिला बँकेनं सांगितला.

आता सीटची दांडी. ती अ‍ॅल्युमिनियमची आणि नळी पोलादाची. पन्नास वर्षांच्या इंग्रजी पावसात दोन्ही धातूंमध्ये गंज असा भरला होता की दांडी तसूभर हलत नव्हती. या दोघांचं मात्र कुणी पत्रिका न बघता जमलं होतं. मंडळींनी उपाय सांगितले. एकानं सांगितलं तेल सोडा आणि पुढच्या रविवारपर्यंत वाट बघा. कुठला रविवार ते सांगितलं नाही. दुसऱ्यानं अमोनिया सुचवला. तिसरा म्हणाला आधी उकळतं पाणी, मग बर्फ. चौथा म्हणाला दांडी शेगड्यात पकडा आणि अख्खी फ्रेम हातांनी फिरवा. मी शेगड्यात पकडून फ्रेम फिरवली. दांडी जागेवर राहिली, फ्रेम जागेवर राहिली, शेगडा भिंतीतून निघाला.

शेवटचा उपाय कॉस्टिक सोडा. तो अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतो आणि पोलादाला हात लावत नाही. मोकळ्या हवेत करायचं काम. मी परसात फ्रेम उलटी टांगली, डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडाला मास्क, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे आणि अंगावर पेंटरचा एप्रन चढवला. नळीतून फसफस सुरू झाली, वाफा निघाल्या, आणि नेमक्या त्याच वेळी बाजूच्या फाटकातून हळदीकुंकवाला बायका आल्या. संक्रांतीचं हळदीकुंकू आहे हे मला सांगितलेलं होतं म्हणे. एक काकू या गावात नव्यानं आलेल्या. त्यांनी थबकून विचारलं, “हे काय चाललंय हो?”

बायकोनं क्षणभरही न अडखळता सांगितलं, “ड्रेनेज तुंबलंय. प्लंबर आलाय.”

“मराठी आहे?” काकूंना माझ्या तोंडून निसटलेलं ‘अरे देवा’ ऐकू गेलं होतं. “बरं झालं बाई. आमच्याकडेही पाठवा.”

पुढच्या रविवारी मी काकूंच्या सिंकखाली आडवा पडून पाइप सोडवत होतो. नवा पाइप आणला, लावला, पहिल्या झटक्यात आटे जुळले. एवढं निर्मळ सुख मला सायकलनं आजवर दिलेलं नाही. काकूंनी वीस पौंड आणि तिळाच्या वड्या दिल्या. या छंदातली माझी आजवरची एकमेव कमाई.

दांडी निघाली. मग रंगाचा प्रश्न आला, आणि इथे या पंथात उभी फूट आहे. एक पक्ष म्हणतो जुना रंग खरवडून नवा द्यावा. दुसरा म्हणतो रंगाला हात लावणं हे पाप आहे, कारण ओरबाडलेला, पोपडे आलेला, गंजलेला रंग म्हणजे पाटिना. पाटिना म्हणजे ज्याचे पैसे मोजलेले आहेत असा गंज. माझ्या मोटारीच्या दारावर आहे त्याला गंज म्हणतात, कारण तो फुकट आलाय. मी पाटिनापक्षात गेलो. त्याला खर्च कमी येतो असं वाटलं होतं. मग गंज आहे तसा राहावा आणि वाढू नये यासाठीचं मेण विकत घ्यावं लागलं. त्याच्या डबीची किंमत बघून बायको म्हणाली, “एवढ्यात तर नवा गंज आला असता.”

याच सुमारास आई पुण्याहून आली. आई बँकेतून निवृत्त झाली तरी बँक आईतून निवृत्त झालेली नाही. आल्या दिवशीच तिनं गॅरेजाची पाहणी केली.

“ही घेतलीस तेव्हा मोडकी होती?”

“हो.”

“आणि आता?”

“आता सुटी आहे.”

एका ब्रेकच्या लिव्हरला ओळीनं भोकं पाडलेली बघून तिनं विचारलं, “उंदीर आहेत का रे इथे?” मी समजावलं, की १९७०च्या दशकात वजन घटवायला शर्यतवाले दिसेल त्या भागाला भोकं पाडत. १९७२ साली एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलं, ती कोलंबस नळीची सायकल पुरती सहा किलोचीही नव्हती. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आणि तुला कुठे जायचंय?”

आई आली म्हणून असो की कप मिळाला म्हणून असो, फ्रेंच सायकल अखेर उभी राहिली. आईनं तिच्याभोवती एक फेरी मारली. तिनं टिळक रस्त्यावरून कॉलेजात आणि पुढे नोकरीवर जाताना उभी हयात सायकल हाणलेली. तेव्हाच्या पुण्यात सायकलला महापालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी फुंके. तिच्या सायकलची नळी कशाची होती, असं मी विचारलं. “लोखंडाची,” ती म्हणाली.

“नंबर?”

“नंबर बिल्ल्यावर.”

मग तिनं माझ्या सायकलचे दोष सांगायला सुरुवात केली. घंटी नाही. स्टँड नाही. कॅरिअर नाही. मडगार्ड नाही. साडी, ओढणी काहीही चाकात जाईल.

“आई, स्टँडनं वजन वाढतं.”

आईनं माझ्या पोटाकडे पाहिलं. बोलली काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर हुकावर सायकल नव्हती. पोलिसांत फोन करायला मोबाइल काढला, तेवढ्यात आई कोपऱ्यावरून वळली. ट्रॅकपँट, बूट, डोक्यावर कानटोपी. हँडलच्या एका बाजूला कोथिंबिरीची पिशवी, दुसऱ्या बाजूला पाच किलो कांदे. ज्या नळीतले ०.३ मिलिमीटर वाचवायला शंभर वर्षं खपली, तिच्यावर पाच किलो कांदे! सायकल जराही कुरकुरत नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याकडे असताना ती एवढी प्रसन्न कधी दिसली नव्हती.

“बरी चालते की,” आई उतरत म्हणाली. “आणि हे बघ, गिऱ्हाईक मिळालंय.”

“कसलं गिऱ्हाईक?”

“दुकानाबाहेर एक म्हातारा भेटला. सायकलकडे टक लावून बघत होता. मग जवळ येऊन म्हणाला, फाइव्ह-थ्री-वन? मी म्हटलं, सिक्स हंड्रेड. पाचशे एकतीस कुठून काढले कुणास ठाऊक. विचित्र आकडा सांगतात हे लोक. पण हसला हो, नाही म्हणाला नाही. पत्ता दिलाय. शनिवारी येतो म्हणाला.”

शनिवारी तो आला. डोक्याला छोटी टोपी, मोटारीनं. त्यानं डोळे मिटले, नळीला टिचकी मारली, चेहरा केला. मीही चेहरा केला. मग कॅलिपर निघाला. मग त्यानं खाली वाकून बॉटम ब्रॅकेट पाहिलं आणि कापऱ्या आवाजात विचारलं, “उजवा कप कुठे मिळाला?” मी कॉव्हेंट्री, डर्बी आणि लेस्टर सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लेस्टरच्या म्हाताऱ्याचं त्यानंही ऐकून घेतलेलं होतं. आईनं दोनदा चहा दिला, एकदा पोहे दिले, आणि दर खेपेला पुढ्यात येऊन सहाशेची आठवण करून दिली. दर वेळी तो मान डोलावून “येस, येस, फाइव्ह-थ्री-वन” म्हणे, आणि आई आत जाऊन बायकोला सांगे, “अजून खालीच अडलाय.”

अंधार पडल्यावर तो उठला. सायकल काही घेतली नाही. उलट मोटारीची डिकी उघडली आणि ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली एक फ्रेम काढली. म्हणाला, “ही जरा तुमच्याकडे ठेवाल? घरी बायकोला वाटतंय मी ही विकायला बाहेर पडलोय.”

मी नाही कसं म्हणणार? मी काही बोलायच्या आत आई पुढे आली. “ठेवू की. महिन्याला पाच पौंड. पहिला महिना आगाऊ.” त्यानं निमूट पाकीट काढलं. हॉलमधल्या मंडळींत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. घरी बायकोनं अल्टिमेटम दिलेला नाही असा त्यांच्यात एकही जण नव्हता. गॅरेजाचं छत भरलं, मग भिंती भरल्या. आईनं एक जाड वही घातली. पानावर चार रकाने आखले: फ्रेम, मालक, भाडं, थकबाकी. पुण्याला परतताना तिनं ती वही सुनेच्या हाती दिली, कारण गॅरेजाचा हप्ता तिच्या पगारातून जातो. बायको दर महिन्याच्या एक तारखेला वसुली करते. वहीत पहिलं नाव माझं आहे आणि माझ्याकडे दोन महिन्यांची थकबाकी निघते.